ग्राफीनचे शेअर घेताय? या चुका टाळा

मालवणात माझं रंग आणि हार्डवेअरचं दुकान आहे. ट्रॉलरवाले येतात, बागवाले येतात, घराचं काम काढलेले येतात, आणि हल्ली प्रायमरचा डबा घेता घेता एक प्रश्न हमखास येतो, तो ग्राफीनचा अमुक शेअर घेऊ काय? मी सेबीकडे नोंदणी असलेला सल्लागार नाही त्यामुळे कुठला घ्या ते सांगणार नाही, पण माणसं कुठे आपटतात ते इतक्या वेळा बघितलंय, आणि आपटणारी माणसं इतकी जवळची आहेत, की आता बसून लिहायलाच घेतलं.

ग्राफाइट आणि ग्राफीन एकच समजणं

ग्राफाइट म्हणजे आपल्या पेन्सिलीतलं शिसं म्हणतो ते. ग्राफीन म्हणजे त्याच ग्राफाइटचा फक्त एक अणू जाडीचा थर. मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीनं ग्राफाइटचे पापुद्रे काढत काढत तो वेगळा केला, २००४ मध्ये ते छापून आलं आणि २०१० मध्ये दोघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आता आपल्याकडे एचईजी, ग्राफाइट इंडिया या कंपन्या आहेत, त्यांचा मुख्य धंदा ग्राफाइट इलेक्ट्रोडचा, म्हणजे विजेच्या भट्टीत पोलाद वितळवायला लागणारे जाड दांडे. त्यांचा नफा पोलादाच्या आणि नीडल कोकच्या, म्हणजे इलेक्ट्रोडच्या कच्च्या मालाच्या, भावावर नाचतो. २०१८ मध्ये इलेक्ट्रोडची टंचाई झाली तेव्हा एचईजीचा शेअर चार हजारांच्या वर गेला होता आणि मार्च २०२० पर्यंत हजाराच्या खाली आला, त्यात ग्राफीनचा काही संबंध नव्हता. कोणी "ग्राफीन प्ले" म्हणून हे शेअर सुचवत असेल तर त्याला एवढंच विचारा की विक्रीतला किती रुपया ग्राफीनचा आहे.

माल चांगला म्हणजे शेअर चांगला

सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात, आणि हुशार माणसं फसतात म्हणून मला जास्त वाईट वाटतं.

माल खरंच चांगला आहे. रंगात ग्राफीनचे चपटे कण एकावर एक बसतात, आपल्या मंगलोरी कौलांसारखे, त्यामुळे पाणी आणि खार लोखंडापर्यंत पोचायला लांबचा, वळणावळणाचा रस्ता लागतो आणि गंज उशिरा धरतो. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत ग्रिल आणि पत्रे चार पावसात गंजून जातात, तिथे याचं महत्त्व मला वेगळं सांगायला नको. पण डब्यात हे ग्राफीन असतं किती? अगदी थोडं, बहुतेक वेळा शेकडा एकाच्याही खाली. म्हणजे रंगाच्या कारखान्याला बऱ्याचदा वर्षाला टनानं नाही तर किलोनं माल पुरतो, आणि तो किलो विकणाऱ्या कंपनीनं मात्र टनानं बनवायचा प्लांट उभारलेला असतो, त्याचं वीजबिल आणि पीएचडीवाल्यांचे पगार दर महिन्याला चालूच. हे गणित कोणी करत नाही.

फोर्डचं बघा. २०१८ मध्ये त्यांनी गाडीच्या बॉनेटखालच्या भागांच्या फोममध्ये ग्राफीन घालायला घेतलं, आवाज कमी होतो, भाग हलका होतो, सगळं खरं होतं. पण प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी. त्यांच्याबरोबर हे काम करणारी एक्सजी सायन्सेस ही मिशिगनची कंपनी, म्हणजे गिऱ्हाईक कोण तर फोर्ड, याहून मोठं काय पाहिजे? २०२२ मध्ये तिची मालमत्ता कॅनडाच्या नॅनोएक्सप्लोरनं विकत घेतली. इंग्लंडात अप्लाइड ग्राफीन मटेरियल्स होती, डरहॅम विद्यापीठातून निघालेली, माझ्या धंद्याच्या जवळची कारण गंजरोधक प्रायमरसाठी माल करायची. नोव्हेंबर २०१३ मध्ये लंडनच्या एआयएम या छोट्या कंपन्यांच्या शेअर बाजारात १५५ पेन्सला आली. दहा वर्षं टिकली, २०२३ मध्ये तिचा धंदा युनिव्हर्सल मॅटरला विकला गेला. दोन्हीकडे माल होता, शास्त्रज्ञ होते, खरे गिऱ्हाईक होते, विक्री तेवढी पुरली नाही.

आपल्याकडे बाग खंडानं देतात ती मोहोर बघून. खंड घेणाऱ्याला ठाऊक असतं की मोहोराचे सगळे आंबे होत नाहीत, तुडतुडा आहे, अवकाळी आहे, उन्हानं गळ आहे, म्हणून तो भाव तसा धरून बोलतो. तोच माणूस मोबाईलवर ग्राफीनचा शेअर घेतो तेव्हा पेट्या भरून वाशीला पोचल्या असं धरून भाव देतो. का? बागेत जशी घासाघीस करतोस तशी इथे कर ना.

"ग्राफीन" लिहिलंय म्हणजे ग्राफीन आहे

२०१८ मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटानं जगभरच्या ६० उत्पादकांचा माल तपासला. बहुतेकांच्या मालात खरं ग्राफीन दहा टक्क्यांच्याही खाली निघालं, पन्नास टक्क्यांच्या वर एकही नाही. बाकी बारीक दळलेला ग्राफाइट. आयएसओच्या व्याख्येत दहा थरांपर्यंतच ग्राफीन या नावाखाली धरतात. म्हणून कंपनी नक्की काय बनवते ते वाचा: तांब्याच्या पत्र्यावर वाढवलेली फिल्म, काही थरांची पावडर, की ग्राफीन ऑक्साइड. तिघांचा भाव वेगळा, गिऱ्हाईक वेगळं. कंपनीच्या वार्षिक अहवालात थरांची संख्याच सापडत नसेल तर मी पुढचं पान उलटत नाही.

अपर सर्किटच्या मागे धावणं

माझ्या मामेभावाची गोष्ट. देवगडला बाग, त्या वर्षी हंगाम बरा गेला होता, हातात पैसे होते. व्हॉट्सअ‍ॅपवर एका छोट्या कंपनीचं नाव आलं, मूळ धंदा वेगळाच होता, तिनं एक्स्चेंजला पत्र दिलं की आम्ही ग्राफीनचा नवा विभाग काढतोय. झालं, रोज सकाळी सव्वानऊला पाच टक्के वर आणि अपर सर्किट, म्हणजे दिवसाची वाढायची मर्यादा गाठली, विकणारा कोणी नाही. मी म्हटलं थांब, कंपनीचे निकाल येऊदेत, तर मला म्हणाला, "अरे रोज पाच टक्के गावतत, तू नुसतो बघीत काय रवलंस? बँकेत काय गावता?" रोज ऑर्डर टाकायचा, मिळायचे नाहीत, आणि मिळत नाहीत म्हणून आणखी हवेसे वाटायचे. मग एका दिवशी अचानक सगळे मिळाले, ८४ रुपयांनी २५०० शेअर, २ लाख १० हजार. मला फोन करून आनंदानं सांगितलं. तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला, कारण इतके दिवस कोणी विकत नव्हता आणि आज अडीच हजार एका फटक्यात देणारा कोण आला?

दुसऱ्या दिवसापासून लोअर सर्किट. पहिल्या दिवशी म्हणाला, प्रॉफिट बुकिंग आहे. चौथ्या दिवशी विकायला टाकले, समोर घेणारा एकही नाही, फक्त विकणाऱ्यांचे लाखो शेअर रांगेत. स्टॉपलॉस, म्हणजे ठराविक भावाला आला की आपोआप विकायची ऑर्डर, लावला होता तो लागला पण माल जाईना, कारण घेणाराच नसेल तर स्टॉपलॉस काय करणार. वीस दिवस असं चाललं. पाच टक्क्यांनी वीस दिवस खाली म्हणजे ८४ चे ३० होतात, २ लाख १० हजारांचे ७५ हजार. सर्किट सुटलं तेव्हा विकून मोकळा झाला. मुलीच्या कॉलेजची फी त्यातून द्यायची होती, ती मग सोसायटीचं कर्ज काढून दिली. व्हॉट्सअ‍ॅपचा तो ग्रुप तोवर बंद झाला होता.

मी त्याला आजही दोष देत नाही, घाई कोणालाही होते. पण घाईच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे, महिनाभर थांबल्यानं हातचा गेला असा शेअर मुळात आपला नव्हताच. माझी सवय अशी की सर्किट लागलेल्या शेअरला मी हात लावत नाही, वर असो वा खाली. कुठलाही शेअर घेण्याआधी एक्स्चेंजच्या साइटवर दोन गोष्टी बघतो, शेअर ट्रेड-टू-ट्रेडमध्ये (घेतलेला त्याच दिवशी विकता येत नाही अशा गटात) आहे का आणि एएसएम किंवा जीएसएमच्या, म्हणजे एक्स्चेंज ज्यांच्यावर खास नजर ठेवतं त्या शेअरच्या, यादीत आहे का. दोन मिनिटांचं काम आहे. नवखी मुलं तेवढंही करत नाहीत आणि मग मला विचारतात, "काका, विकला का जात नाही?"

रोकड आणि शेअरची संख्या न बघणं

नफा-तोटा सगळे बघतात. ज्या कंपनीला नफाच नाही तिथे नफ्याचं पान बघून काय कळणार? कॅश फ्लोचं, म्हणजे रोकड किती आली आणि किती गेली याचं, पान उघडा. आपल्याकडे ते सहा महिन्यांनी येतं. हातात ६ कोटी आहेत आणि धंद्यात वर्षाला ८ कोटी जातायत तर नऊ महिन्यांची शिदोरी आहे. नऊ महिन्यांनी काय होणार? नवे शेअर काढणार, प्रेफरन्शियल (निवडक लोकांना) म्हणा, वॉरंट (पुढे शेअर घ्यायचा हक्क) म्हणा, राइट्स (आधीच्या भागधारकांना) म्हणा, आणि बऱ्याचदा बाजारभावाच्या खाली.

माझा एक पुतण्या मर्चंट नेव्हीत आहे, त्यानं परदेशातली एक ग्राफीन कंपनी घेतलेली, चार वर्षं प्रेमानं धरून होता. मला म्हणाला कंपनी वाढतेय, विक्री दुप्पट झाली, मग शेअर का पडतोय? गणपतीला घरी आला तेव्हा दोघं बसलो आणि पाच वर्षांचे शेअर मोजले. समजायला सोपे आकडे देतो: १० कोटी शेअर असताना तुमचे १ लाख म्हणजे कंपनीचा हजारावा भाग तुमचा. तीनदा भांडवल उभारून २५ कोटी झाले की तुमचे तेच १ लाख, पण हिस्सा राहिला अडीच हजारावा. विक्री दुप्पट झाली तरी तुमच्या वाट्याला आली कमीच. पुतण्या बराच वेळ गप्प बसला, कारण ही माहिती पहिल्या दिवसापासून समोर होती, शोधावी पण लागली नसती.

मी वहीत प्रत्येक कंपनीसाठी दोनच रकाने ठेवतो, शेअरची संख्या आणि हातातली रोकड, तारीख घालून. एक्सेलमध्ये पण होईल, पण हातानं लिहिलं की डोक्यात राहतं. वर्षाची रोकड दिसली नाही तर विषय संपला, आणि दिसली तरी दोन निकाल वहीत उतरवल्याशिवाय मी पहिला शेअर घेत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

सामंजस्य करार म्हणजे ऑर्डर नव्हे. रक्कम आणि तारीख नसलेल्या बातमीवर एक रुपयाही लावू नका.

पडतोय म्हणून आणखी घेऊन सरासरी खाली आणणं, हे नफ्यातल्या कंपनीत एक वेळ चालेल. रोकड संपत आलेल्या कंपनीत करू नका.

सोनं गहाण ठेवून, बागेच्या पीककर्जातून, होडीच्या डिझेलच्या पैशातून घेऊ नका. हे लिहावं लागतं याचं मला फार वाईट वाटतं, पण तिन्ही मी डोळ्यांनी बघितलंय.

ओळखीच्या दलालाकडून अनलिस्टेड, म्हणजे बाजारात नोंद नसलेले, शेअर घेणार असाल तर परत कोण घेणार हे आधी विचारा.

आणि भारतात राहून परदेशी शेअर थेट घेतले असतील तर आयकर रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरायचं असतं, तोट्यात असले तरी, विकले नसले तरी. त्यात आर्थिक वर्ष धरत नाहीत, ३१ डिसेंबरला संपणारं कॅलेंडर वर्ष धरतात, म्हणून ब्रोकरकडून स्टेटमेंट मागताना जानेवारी ते डिसेंबरचं मागा. आपल्याकडचे बरेच जण मार्चचं घेऊन सीएकडे जातात आणि जुलैत परत धावपळ करतात.