स्टेपनी डिकीत आहे, पण हवा आहे का? एकाच कॉम्प्युटरवर बॅकअप ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना या चुका टाळा

सदाशिव पेठेत आमचे एक काका घरातच डीटीपीचं काम करतात. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि नवरात्र संपलं की दिवाळी अंकांची नुसती झुंबड. तर ऐन गडबडीत एका सकाळी त्यांचा फोन, "अरे विंडोज उठत नाहीये, पण काळजी नाही म्हणा, तू ते दुसरं टाकून दिलंयस ना, ते कसं चालू करू?" मी अगदी ऐटीत सांगितलं, चालू करताना एफ12 दाबत राहा, मेनू येईल, त्यात उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार, विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम) निवडा. दोन मिनिटं शांतता. मग आवाज आला, "इथे काहीच नाहीये रे."

चूक माझीच होती. वर्षभरापूर्वी तपकीर गल्लीतून नवीन एसएसडी, म्हणजे दुसरी डिस्क, आणून मीच त्यावर उबुंटू टाकलं होतं, काकांना चालू करून दाखवलं होतं, काकूंच्या हातचा चहा पिऊन निघालो होतो. डिकीत स्टेपनी टाकून दिली पण जॅक मात्र जुन्या गाडीतच राहिला, असा तो प्रकार.

झालं काय ते नीट सांगतो, कारण ही चूक भले भले करतात. आजकालचे कॉम्प्युटर यूईएफआयवर (मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर, बोलताना अजूनही बायोसच) चालतात. चालू झाल्यावर मशीन आधी डिस्कवरचं एक छोटं फॅट32 पद्धतीचं पार्टिशन (डिस्कचा तुकडा) शोधतं, त्याला ईएफआय सिस्टिम पार्टिशन किंवा ईएसपी म्हणतात, विंडोज ते साधारण 100 एमबीचं करतं. विंडोज असो, लिनक्स असो, आत शिरायचा दरवाजा तिथे. आता दुसरी डिस्क लावून इन्स्टॉल करायला बसलात की बऱ्याच इन्स्टॉलरना पहिल्या डिस्कवर आधीच एक दरवाजा दिसतो, मग दुसरा कशाला बांधा म्हणून ते आपला बूटलोडर (सिस्टिम उठवणारा छोटा प्रोग्राम) तिथेच ठेवून मोकळे होतात. उबुंटूचा जुना इन्स्टॉलर तर खाली बूटलोडरसाठी दुसरी डिस्क निवडली तरी पहिलीवरच टाकायचा, आणि विंडोजचा इन्स्टॉलरही यात मागे नाही. म्हणजे अख्खी सिस्टिम दुसऱ्या डिस्कवर, दरवाजा पहिल्या डिस्कवर. दोन्ही डिस्क धडधाकट असेपर्यंत सगळं झकास चालतं, कोणाला काही कळत नाही. ज्या दिवशी पहिली डिस्क मरते, म्हणजे ज्या दिवसासाठी आपण हा सगळा खटाटोप केला, नेमकं त्याच दिवशी दुसरीही उठत नाही.

उपाय एकदम गावठी आहे पण तोच खात्रीचा: इन्स्टॉल करताना पहिल्या डिस्कची केबल काढून ठेवा. डेस्कटॉपला दोन स्क्रू आणि एक केबल, बस. यात अजून एक फायदा, "इरेज डिस्क" म्हणताना चुकीची डिस्क पुसली जाण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि दोन सारख्या साइजच्या डिस्क असतील तर ही चूक फार सहज होते, यादीत दोन्हीकडे 256 जीबीच लिहिलेलं असतं. लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई (स्लॉटमध्ये बसणारी एसएसडी) काढायचं धाडस नसेल तर बायोसमध्ये तो स्लॉट बंद करता येतो का बघा, काही मशीनमध्ये येतो.

आणि इन्स्टॉल झाल्यावर चाचणी पण तशीच, पहिली डिस्क काढलेली असतानाच दुसरीवरून उठवून बघा. दोन्ही लावलेल्या असताना उठली याला काही अर्थ नाही, ते मी काकांकडे केलं होतं.

आधीच फसला असाल तर सिस्टिम पुन्हा टाकायची गरज नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून इन्स्टॉल न करताच लिनक्स चालतं) उठा, दुसऱ्या डिस्कवर थोडी जागा मोकळी करून 500 एमबीचं फॅट32 पार्टिशन करा, त्याला ईएसपीचा फ्लॅग लावा, एफस्टॅबमध्ये (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं याची लिनक्सची यादी) बूट-ईएफआयच्या ओळीत नव्या पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, टाका आणि ग्रब, म्हणजे उबुंटूचा बूटलोडर, पुन्हा इन्स्टॉल करा, तेही "रिमूव्हेबल" हा पर्याय लावून. त्याने बूटलोडर मशीनच्या ठरलेल्या जागी, बूट नावाच्या फोल्डरमध्ये जातो, मग बायोस रीसेट झाला किंवा मदरबोर्डचा सेल गेला तरी मशीन त्या डिस्कवरून उठू शकतं.

एकाच डिस्कचे दोन तुकडे करून दुसरी सिस्टिम टाकणं, ही याच्याही आधीची चूक. विंडोज अपडेटने बिघडलं, व्हायरस आला, एवढ्यापुरतं ते ठीक आहे. पण एसएसडी जाते तेव्हा बऱ्याचदा जुन्या हार्ड डिस्कसारखी खरखर करून, सांगून जात नाही, काल होती आज नाही, मग तुकडे दोन असोत की पाच. लॅपटॉपला दुसरा स्लॉट नसेल तर यूएसबीची एसएसडी घ्या, लिनक्स तिच्यावरून आनंदाने चालतं.

आणि हो, दुसरी सिस्टिम म्हणजे डेटाचा बॅकअप नाही. काका रोज संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळेला फाइली पेनड्राइव्हवर घेतात म्हणून त्या वर्षीचे अंक वाचले, माझ्या उबुंटूमुळे नाही.

आता विंडोजवाल्यांनी घाईत करायच्या दोन चुका. पहिली बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय. तुम्ही म्हणाल मी कधी लावलंच नाही, पण मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटअप केलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं, विंडोज 11 च्या 24एच2 या आवृत्तीपासून तर जास्तच. मग तुम्ही बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट (फक्त सही असलेला बूटलोडर चालू देणारी सोय) बंद केलं किंवा बूटचा क्रम बदलला की पुढच्या वेळी निळा स्क्रीन येतो आणि 48 आकडी रिकव्हरी की मागतो. घाबरायचं कारण नाही, बहुतेकदा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेव्ह असते, पण ते अकाउंट कोणत्या ईमेलवर काढलं होतं हेच आठवत नाही ना! काहीही हात लावायच्या आधी ती की कागदावर लिहून लाइट बिलांच्या फाइलीत ठेवा. त्याच कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर सेव्ह करणारे महाभाग मी पाहिलेत.

दुसरी फास्ट स्टार्टअप. विंडोज शट डाउन केलं असं आपल्याला वाटतं, पण ते अर्धवट झोपलेलं असतं, आणि त्याच्या डिस्का तशाच उघड्या राहतात. मग लिनक्समधून डी ड्राइव्ह उघडायला गेलात की उघडत नाही किंवा नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही, आणि लोक समजतात डिस्क खराब झाली. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करा, विषय संपला. तोवर निदान शट डाउनऐवजी रीस्टार्ट करा, रीस्टार्टला विंडोज पूर्ण बंद होतं.

घड्याळाचं पण सांगतो. दुसरी सिस्टिम टाकल्यावर विंडोजमध्ये सकाळी दहा वाजता घड्याळ साडेचार दाखवायला लागलं की लोक पहिला मदरबोर्डचा सीआर2032 सेल बदलतात. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर सेलचा काही दोष नाही. विंडोज मशीनच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहितं, एकाने लिहिलेलं दुसरा आपल्या पद्धतीने वाचतो. लिनक्सला टाइमडेटसीटीएल ही कमांड वापरून लोकल वेळ ठेवायला सांगा की भांडण मिटतं.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाहीये? इंटेलचं आरएसटी किंवा व्हीएमडी (डिस्क हाताळायच्या इंटेलच्या खास पद्धती) चालू असेल. ते बायोसमधून बंद करून एएचसीआय ही साधी पद्धत करता येते, पण आधी विंडोजला सेफ मोडमध्ये उठायला सांगून मगच बदला, नाहीतर विंडोज रुसतं. पेनड्राइव्ह बूट मेनूत दोनदा दिसला तर ज्याच्या पुढे यूईएफआय लिहिलंय तोच घ्या.

काही जण म्हणतात एवढं कशाला, आहे ती सिस्टिमच क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, करून ठेवू. कल्पना चांगली, पण क्लोनमध्ये पार्टिशनचे यूयूआयडीसुद्धा जसेच्या तसे येतात. दोन्ही डिस्क एकत्र लावून लिनक्स उठवलं की ग्रब एका डिस्कवरचा आणि फाइली दुसऱ्या डिस्कवरच्या असं काहीतरी होऊ शकतं, आणि सगळं सेम दिसत असल्यामुळे तुम्ही आठवडाभर बॅकअपवरच काम करत राहता. यूयूआयडी बदला, नाहीतर क्लोन काढून कपाटात ठेवा. बदलल्यावर मी बॅकअपचा वॉलपेपर भडक केशरी ठेवतो, बघताक्षणी कळतं की आपण स्टेपनीवर आहोत.

परत काकांकडे येतो. मी त्या रात्री वर सांगितल्याप्रमाणे दरवाजा बांधला, उबुंटू उठलं, काकांनी मोठ्या आशेने अंकाची फाइल उघडली आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा! जुने श्रीलिपीचे फॉन्ट, युनिकोड नाही, आणि पान लावायचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारं. म्हणजे बॅकअप उठूनही उपयोग शून्य. मला जे आवडतं ते मी टाकून दिलं होतं, त्यांना काय लागतं ते विचारलंच नव्हतं. शेवटी त्याच एसएसडीवर विंडोज आणि त्यांचं सॉफ्टवेअर टाकलं, जुनी डिस्क बाहेर काढून ठेवूनच. तुमचं काम ब्राउझर, ईमेल आणि लिब्रेऑफिसवर भागत असेल तर लिनक्स उत्तम, पण मग मराठी कीबोर्ड आत्ताच लावून ठेवा, इन्स्क्रिप्ट असेल तर इन्स्क्रिप्ट, फोनेटिक असेल तर फोनेटिक. प्रिंटर जोडून एक पान काढून बघा. जीएसटीसाठी डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल तर तो चालतो का बघा. वायफायचा पासवर्ड टाकून ठेवा. हे सगळं संकटाच्या दिवशी करायला बसलात तर अर्धा दिवस त्यातच जातो.

लिनक्स टाकणारच असाल तर एलटीएस, म्हणजे लांब मुदतीची आवृत्ती, घ्या. उबुंटूच्या मधल्या आवृत्त्यांना फक्त 9 महिने अपडेट मिळतात, आणि आपण जी सिस्टिम वर्षातून दोनदा बघतो तिच्यासाठी ते म्हणजे नासकं दूध. एलटीएसला 5 वर्षं मिळतात.

राहिलं अपडेटचं. दसऱ्याला कॉम्प्युटरला झेंडूची माळ घालतो तेव्हा एकदा उठवीन असं ठरवलं होतं, पण वर्षाने उठवलं तर पासवर्डच आठवेना. आता मी ते संकष्टीला लावलंय. चंद्रोदयापर्यंत नाहीतरी जेवायचं नसतं, आठ वाजता एफ12 दाबून केशरी वॉलपेपरवाली सिस्टिम उठवतो, अपडेट सोडतो, एक पान छापतो. मागच्या महिन्यात अपडेट इतके निघाले की आई गच्चीवरून "दिसला रे चंद्र" म्हणून ओरडली तरी साठ टक्क्यांवरच होतं, मोदक थंड झाले.