गोड जर्मन वाइन पिताना होणाऱ्या चुका

जर्मनीतल्या आमच्या पहिल्या दिवाळीत मी मोझेल नदीकाठची एक गोड वाइन, श्पेटलेझे, उघडली आणि शेजारी गुलाबजामच्या वाट्या मांडल्या. एका मित्राने घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "अरे, ही आंबली की काय?" बाटली ठणठणीत होती, चूक माझी. गुलाबजामवर चहा प्यायलात तर तो अगोड लागतो ना, तसंच. पाकाने जीभ भरली की वाइनची साखर कळत नाही, उरतो नुसता आंबटपणा.

म्हणून मिठाईबरोबर उघडायचीच असेल तर वाइन त्या पदार्थापेक्षा गोड हवी. आपल्या पाकातल्या गोडाला एवढी गोड वाइन सहसा सापडत नाही. श्पेटलेझे खुलते ती तिखटाबरोबर: लसूण-मिरची लावलेली कोळंबी, थाई करी. साखर तिखट निववते, आणि अल्कोहोल 8 टक्क्यांच्या आसपास असल्याने आग वाढत नाही.

दुसरी चूक, नुसता गोडवा मोजणं. कैरीचं पन्हं गोड की आंबट, असं कुणी विचारतं का? ही वाइन ज्या द्राक्षाची, त्या रीसलिंगचंही तेच. मोझेलच्या श्पेटलेझेत लिटरला 80 ग्रॅम साखर सहज असते, तरी ती चिकट लागत नाही, कारण थंड हवेत सावकाश पिकलेल्या द्राक्षांत आम्ल टिकून राहतं. घोट गिळल्यावर तोंडाला पाणी सुटलं, तर वाइन चांगली. नुसतं सरबत प्यायल्यासारखं वाटलं, तर पैसे गेले.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते लेबलवर. श्पेटलेझे म्हणजे 'उशिरा केलेली तोडणी', त्याचा अर्थ 'गोड वाइन' असा नाही. 1971 च्या कायद्यानुसार श्पेटलेझे, आउसलेझे, बेरेनआउसलेझे या पायऱ्या ठरतात द्राक्षरसातल्या साखरेवरून. ती साखर आंबवून संपवायची की ठेवायची, हे वाइन करणारा ठरवतो. 'श्पेटलेझे ट्रोकन' लिहिलं असेल तर ती कोरडी, म्हणजे गोड न लागणारी. काहीच लिहिलं नसेल तर अल्कोहोल बघा: 7 ते 9 टक्के असेल तर गोड, 12 च्या वर असेल तर बहुधा कोरडी. (आणि ट्रोकनबेरेनआउसलेझे? नावात ट्रोकन असूनही सगळ्यात गोड! तिथे सुकलेली असतात ती द्राक्षं, झाडावरच मनुक्यासारखी झालेली, एकेक मणी निवडून तोडलेली. किंमत का चढते ते कळलंच असेल.)

या मण्यांना बुरशी लागलेली असते हे ऐकून नाक मुरडू नका. बोट्रायटिस नावाची ही बुरशी सालीला बारीक छिद्रं पाडते, पाणी उडून जातं, साखर आणि आम्ल दोन्ही दाट होतात. 1775 साली जर्मनीतल्या योहानिसबर्गच्या मळ्यात, फुल्डाच्या बिशपकडून तोडणीची परवानगी आणणारा घोडेस्वार उशिरा पोचला, तोवर द्राक्षं कुजली आणि त्यांचीच वाइन अप्रतिम निघाली, अशी आख्यायिका आहे. त्या घोडेस्वाराचा पुतळा आजही तिथल्या अंगणात आहे.

बाटली खराब आहे असं वाटण्याची कारणंही ठरलेली. जुन्या रीसलिंगला रॉकेलसारखा वास येतो, तो तिच्या वयाचा. कोवळ्या बाटलीतून काडेपेटीचा वास आला तर ग्लास फिरवा, अर्धा तास थांबा, बहुतेकदा उडतो. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर ते द्राक्षातल्या आम्लाचे स्फटिक, निरुपद्रवी. सावकाश ओतलं की झालं. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास मात्र बुचाचा दोष. ती बाटली दुकानात परत न्या.

फ्रिजमधून काढून थेट ओतू नका. चार-पाच अंशांना सुगंध गोठल्यासारखा होतो, वीस मिनिटं बाहेर ठेवली की आठ-दहा अंशांवर मध, जर्दाळू असं काहीबाही नाकाला जाणवू लागतं. उरलेली मात्र बूच लावून फ्रिजमध्येच, चार-पाच दिवस काही होत नाही. त्या दिवाळीची अर्धी बाटली दुसऱ्या दिवशी तिखट चकलीबरोबर काढली, तेव्हा तोच मित्र विचारत होता, ही नवी कुठली आणलीस?