नाशिकची वाईन सहल: बाटल्या गाडीत शिजू देऊ नका

उन्हात उभ्या गाडीत वाईन तापते, बूच वर सरकतं आणि चव शिजल्यासारखी होते.

१. सुला आणि यॉर्क या वायनरी गंगापूर धरणाजवळ, एकमेकांपासून जवळच आहेत. दिवसाला या दोनच पुरे. खरेदी अगदी निघताना करा.
२. थर्माकोलचा खोका आणि गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या घरूनच न्या. वाईन वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा.
३. चाखताना आधी स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), मग पांढरी, शेवटी लाल. उलट केलंत तर शेनिन ब्लांक ही पांढरी वाईन पाण्यासारखी लागते. थुंकायला भांडं मागून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

गाडी चालवणाऱ्याने घोटभरही घेऊ नये. ड्रायव्हर ठरवून जाणंच बरं. द्राक्षतोडणी जानेवारी ते मार्चमध्ये बघायला मिळते, पण २६ जानेवारीला ड्राय डे असतो.