अंदमानला कासवांच्या कामावर जाण्याआधी

कोकणात वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे धावताना पाहिली आणि ठरवून टाकलं, हेच काम करायचं. एम.एस्सी. झाल्यावर लिटल अंदमानला लेदरबॅक कासवांच्या कॅम्पवर फील्ड असिस्टंट म्हणून एक हंगाम काढला. तिकडे जायचं मनात असेल त्यांच्यासाठी हे चार शब्द.

आधी कागद. लेदरबॅक वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. टॅग लावायला, मापं घ्यायला वन विभागाची परवानगी लागते. बेटाचा बराच भाग ओंगे आदिवासींसाठी राखीव, तिथली परवानगी वेगळी. ती हातात पडेपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका. मी काढलं होतं. पैसे बुडाले.

पोर्ट ब्लेअरहून (आताचं श्री विजयपुरम) हट बेला, म्हणजे लिटल अंदमानच्या बंदराला जहाज. पुढे लहान बोट, तीही समुद्राची मर्जी असेल तर. बोटीवर आणि कॅम्पवर कारेन मंडळी होती. यांचे पूर्वज १९२५ च्या सुमारास ब्रह्मदेशातून मायाबंदरकडे येऊन वसले. लाट कुठे फुटेल हे त्यांना आपल्या पुस्तकांपेक्षा जास्त कळतं, तेव्हा ते 'आज नाही' म्हणाले की गप्प बसायचं.

हिवाळ्यात पाचनंतर लगेच अंधार पडतो आणि काम तेव्हा सुरू होतं. रात्रभर वाळू तुडवायची. माझ्या पहिल्या दहा रात्री कोऱ्या गेल्या, फक्त वाळूमाश्या चावल्या. अकराव्या रात्री ट्रॅक्टर गेल्यासारखा रुंद माग दिसला. टोकाला ती होती, मागच्या वल्ह्याने ओंजळभर वाळू काढून अलगद बाजूला ठेवणारी. न बघता, आळीपाळीने, एकदा डावं, एकदा उजवं. तोवर लाल टॉर्चसुद्धा लांबच ठेवायचा, नाहीतर ती परत फिरते. अंडी पडू लागली की मग टेप काढायचा. पाठ कवचासारखी कडक नव्हे, ओल्या रबरासारखी लागते, वर सात उभे कंगोरे. अंडी शंभरेक, त्यात काही लिंबाएवढी, बलक नसलेली. ट्रान्समीटर लावलेल्या इथल्या काही माद्या पोहत ऑस्ट्रेलियाकडे गेल्या, काही आफ्रिकेकडे.

त्या रात्रीची मापं मी जेल पेनने लिहिली. पहाटे पावसाची सर आली आणि वहीत निळं पाणी उरलं. पेन्सिल न्या. दोन न्या.