पॉमच्या पिल्लाला शू-शीची सवय कशी लावायची

पॉमेरेनियन कुत्र्याचं पिल्लू एवढंसं, त्याचं ब्लॅडर त्याहून एवढंसं, त्यामुळे दोन महिन्यांच्या पिल्लाकडून 2-3 तासांच्या वर कंट्रोलची अपेक्षाच धरू नका. झोपून उठलं, जेवलं, खेळून दमलं की लगेच उचलून बाल्कनीत पेपरवर ठेवायचं, लसी पूर्ण होईपर्यंत खाली सोसायटीत नाही. जमीन हुंगत गोल गोल फिरायला लागलं म्हणजे पळा! पेपरवर केलं की खाऊ तिथल्या तिथे द्या, किचनमध्ये जाऊन डबा उघडेपर्यंत ते विसरलेलं असतं. सोफ्यामागे केलंच तर ओरडू नका, नाक घासणं (आमच्या आजोबांचा आवडता उपाय) तर अजिबात नको, त्याने ते फक्त लपून करायला शिकतं. आणि नुसतं फिनाईल मारून भागत नाही, त्याच्या नाकाला जुना वास येतोच, एन्झाइमवालं क्लीनर आणा.