४८६ चा आवाज कमी केला तो असा

४८६ म्हणजे ८०४८६ प्रोसेसरचा जुना पीसी. त्याच्या एटी कॅबिनेटमध्ये (त्या काळच्या पद्धतीची पेटी) आवाज मुख्यतः दोन ठिकाणांहून येतो: पॉवर सप्लायचा ८० मिमी पंखा आणि हार्ड डिस्क. कोणता कुणाचा, हे डिस्कची पॉवर केबल काढून मशीन चालू केलं की लगेच कळतं.

सप्लाय उघडण्याआधी प्लग काढा. मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी साठलेला असतो, तेव्हा थोडं थांबून मीटरने तपासल्याशिवाय हात घालू नका. पंखा खरखरत असेल तर बेअरिंग सुकलंय. तेल घालून थोडेच दिवस निभतं. ८०×८०×२५ मिमी, १२ व्होल्टचा, २००० आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) आसपासचा नवा बसवा, हवेची दिशा जुनीच ठेवा. तो ७ व्होल्टवर चालवू नका, कधी कधी सुरूच होत नाही आणि सप्लाय तापतो.

डिस्कच्या जागी आयडीई (जुन्या डिस्कचं कनेक्शन) अडॅप्टरवर सीएफ कार्ड (कॉम्पॅक्टफ्लॅश, कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड) लावा, त्यात फिरणारं काही नसल्याने आवाज नाही. जुन्या बायोसची (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) मर्यादा ५०४ एमबी (१०२४ सिलिंडर × १६ हेड × ६३ सेक्टर × ५१२ बाइट्स, म्हणजे सुमारे ५२.८ कोटी बाइट्स), म्हणून ५१२ एमबीचंच कार्ड घ्या, त्यावर साधारण ५१.२ कोटी बाइट्सच असतात, ते मर्यादेत बसतं. फॉरमॅट करूनही बूट होत नसेल तर पार्टिशन (कार्डाचा भाग) अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे बूटसाठी निवडलेलं, आहे का पाहा, मग डॉसची ‘एफडिस्क /एमबीआर’ ही कमांड चालवा, ती कार्डाच्या सुरुवातीला बूट कोड लिहिते. नव्या कार्डावर बूट कोड बहुधा नसतोच.