फ्यूज्ड आणि स्पायरो रिंगा ब्लीच वापरून: एमएस्सी प्रोजेक्टवाल्यांसाठी

शिवाजी विद्यापीठात नायतर कोल्हापुरातल्या कुठल्याबी कॉलेजात एमएस्सी ऑरगॅनिक करत असाल आणि प्रोजेक्टला फ्यूज्ड (दोन रिंगांत एक बाजू सामाईक) नायतर स्पायरो (दोन रिंगांत एकच कार्बन सामाईक) रिंग सिस्टिम बनवायच्या असतील तर महागड्या कॅटॅलिस्टच्या नादाला लागू नका भावांनो. सॅलिसिलाल्डिहाइड, अलाइल ब्रोमाइड, हायड्रॉक्सिलअमीन आणि ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी), एवढ्यात काम होतंय.

आधी कागद घ्या. रिअ‍ॅक्शन करणारे दोन्ही ग्रुप (इथं नायट्राइल ऑक्साइड आणि डबल बॉन्ड) एकाच रेणूत पाहिजेत, आणि मधली साखळी तीन-चार अणूंची असली की नव्या रिंगसोबत शेजारी पाचाची किंवा सहाची रिंग फुकटात जुळते, तेच फ्यूज्ड. इंट्रामॉलिक्युलर डील्स-आल्डरमध्येपण हाच हिशोब आहे.

आता हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) चला. सॅलिसिलाल्डिहाइड, पोटॅशियम कार्बोनेट आणि अलाइल ब्रोमाइड जरा जास्त घेऊन अ‍ॅसिटोनमध्ये रिफ्लक्स लावा, ब्रोमाइडनं डोळ्यातनं पाणी येतं म्हणून बाटली हूडबाहेर उघडायची नाही. मग इथेनॉलमध्ये हायड्रॉक्सिलअमीन हायड्रोक्लोराइड आणि सोडियम अ‍ॅसिटेट घालून ऑक्झाइम (अल्डिहाइडच्या C=O चं C=N–OH) करा. जुलैत इथं कसला पाऊस असतो माहितीये, हायड्रोक्लोराइडची बाटली ओल धरते, वजन करून झाकण लगेच लावा.

खरी मजा पुढं. ऑक्झाइम डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवा, बर्फात ठेवा, थोडं ट्रायएथिलअमीन घाला आणि ब्लीच थेंब-थेंब सोडा, दोन थर असतात म्हणून स्टिरिंग जोरात पाहिजे. नायट्राइल ऑक्साइड जागेवरच तयार होतो आणि अलाइलच्या डबल बॉन्डवर बसतो. घाईघाईनं ओतलं तर तो एकमेकांतच जुळून फ्युरॉक्झन होतो आणि कॉलमवर प्रॉडक्ट वेगळं करताना रडायची वेळ येते. ब्लीच ताजंच आणा, उन्हात पडलेल्या कॅनमधला दम गेलेला असतो, आणि त्याच्यात अ‍ॅसिड चुकूनसुद्धा नको, क्लोरीन सुटतो.

जमलं का ते मास स्पेक्ट्रमवर (रेणूच्या वजनावर) कळतं, ऑक्झाइम १७७ आणि प्रॉडक्ट १७५, फक्त दोन हायड्रोजन कमी. प्रोटॉन एनएमआरमध्ये ५ ते ६ पीपीएममधले अलाइलचे विनाइल सिग्नल गेले पाहिजेत, ऑक्झाइमचा सीएच पण. हाती आलं ते क्रोमीन आणि आयसोक्झॅझोलिनचं फ्यूज्ड त्रिकूट.

स्पायरो पाहिजे तर फक्त अलाइल ब्रोमाइड बदला, सायक्लोहेक्सिलिडीनएथिल ब्रोमाइड घ्या. डबल बॉन्डचा लांबचा कार्बन आधीच सायक्लोहेक्झेनच्या रिंगमध्ये असतोय, त्याच्यावर ऑक्सिजन बसला की तोच कार्बन दोन रिंगांत सामाईक. म्हणजे एका रेणूत फ्यूज्डपण आणि स्पायरोपण, नाद खुळा! इथं गर्दी जास्त, रिअ‍ॅक्शन सावकाश चालते, टीएलसी (पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) बघत बसा. स्पायरो कार्बनवर हायड्रोजन नसतो, त्यामुळं कार्बन एनएमआरमध्ये ८५ पीपीएमच्या आसपास दिसतो पण डेप्ट १३५ मध्ये (फक्त हायड्रोजनवाले कार्बन दाखवणारा स्पेक्ट्रम) गायब, गाइडला दाखवायला हेच दोन स्पेक्ट्रम एकाखाली एक लावा.